खळं गणितासाठी दिलं होतं

मास्तर, तुम्ही मला फसवलंत. खळं मी गणितासाठी दिलं होतं. त्या खळ्यावर बसून तुम्ही माझ्या सुनेकडून इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र करून घेतलंत, आणि मला मात्र "गणित झकास चाललंय, मालनबाई" असं सांगत राहिलात.

हे मी तुमच्या शोकसभेतच बोलणार होते. शाळेच्या हॉलमध्ये तुमचा फोटो ठेवला होता, त्याला हार घातला होता, आणि एकेक जण उठून सांगत होता की मास्तर म्हणजे अगदी सरळ माणूस. सरळ! मी दोनदा खाकरले. शेवटी तुमचा एक जुना विद्यार्थी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मालनताई, तुम्हीपण दोन शब्द बोला ना."

"माझे दोन शब्द हाराशेजारी बरे दिसायचे न्हाईत," मी म्हटलं.

माझ्या सुनेने, सायलीने, मागून माझा पदर ओढला. मी गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे.

माणूस गेला की त्याच्याशी असलेलं भांडण सोडून द्यायचं म्हणतात. मी सोडणार नाही. ते सोडलं तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे उरतं काय?

वादळाने श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हापासून सुपारी वाळवायचं माझं खळं रिकामंच होतं. नवी पोफळ लावली तर ती वर्षानुवर्षं सुपारी धरत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी तर सुपारीच्या धंद्यात हाडं झिजवलेली बाई. डोक्यावर गोणी घेऊन वाडीवाडीतून फिरले, अडकित्त्याने सुपारी फोडून आतला गर बघायला शिकले, व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यांना त्या परतही केल्या. मग खळं घेतलं, शेड बांधली, टेम्पो घेतला. आणि एवढं करून त्या खळ्यावर कोंबड्या फिरत होत्या. इकडून तिकडून थोडा माल आणून मी धंदा चालू ठेवला होता, पण खळ्याचा एक कोपरा भरायचा, बाकी सगळं उघडं.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर तुम्ही आलात. बंद छत्री काखेत, पायात त्या झिजलेल्या चपला. तुम्ही शाळेतून केव्हाच निवृत्त झाला होतात, तरी तालुक्यात गणिताचं नाव निघालं की तुमचं नाव निघायचं.

"मालनबाई, सकाळचं खळं देता का? सरकारी भरतीला बसणारी मुलं आहेत. माझ्या ओटीवर मावत नाहीत."

"भाडं?"

"भाडं कसलं? रिकामं तर आहे."

"रिकामं हाय म्हणून फुकट न्हाय, मास्तर. रिकामी होडी कुणी देऊन टाकतं का?"

तुम्ही हसलात. पुढचे दात गेलेले, त्यामुळे तुमच्या हसण्याला आडोसा नव्हता. पण मी तुम्हाला पुढे बोलू दिलं नाही, कारण माझ्या डोक्यात माझा सौदा तयार होता. सायली माझी सून. माणगावकडच्या भातशेतीवाल्यांची मुलगी, पदवी घेऊन आमच्या घरात आली. तलाठ्याच्या परीक्षेला दोनदा बसली आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. तिने तलाठी व्हावं ही तिची इच्छा होतीच, पण तिच्याहून माझी जास्त होती. वादळानंतर पंचनाम्याला आलेला तलाठी आमच्या वाडीच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहिला, आत पाऊलसुद्धा न टाकता कागदावर काहीतरी लिहून निघून गेला, आणि नंतर हातात पडलं ते सांगायला लाज वाटावी इतकं. त्या दिवशी मी गडग्यावर हात आपटून म्हटलं होतं, या खुर्चीवर एक दिवस माझ्या घरचं माणूस बसवीन. आता भरती पुन्हा निघणार होती. सायलीने सांगून टाकलं होतं, "आई, ही शेवटची. यानंतर मी बसणार नाही."

"भाडं नको," मी तुम्हाला म्हटलं. "माझ्या सुनेला गणित शिकवा. पास होईपर्यंत."

"आणि बाकीचे विषय? पेपरात सामान्य ज्ञानही असतं, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र."

"ते काय, गाईड पाठ केलं की झालं. माणूस मार खातो तो गणितात."

"समजा, तिला दुसरंच काही लागत असलं तर?"

"मास्तर, तुम्ही गणिताचे. सुपारीवाल्याकडे मी नारळ मागत न्हाय."

तुम्ही छत्री या काखेतून त्या काखेत घेतलीत आणि म्हणालात, "बरं." आता आठवतं, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. "गणित शिकवीन" असं तोंडाने कुठे म्हणालात? पण मीही कच्ची नाही. शब्द पक्का झाला की माल घेणाऱ्याच्या हातावर सुपारी ठेवायची, ही माझी रीत. शेडमधून एक सोललेली, टणक, गोल सुपारी निवडून आणली आणि तुमच्या तळहातावर ठेवली.

"मला दात कुठे आहेत खायला?"

"खायची न्हाय, सांभाळायची. काम झालं की परत द्यायची."

तुम्ही ती शर्टाच्या खिशात टाकलीत आणि खिशावर हात ठेवलात. "म्हणजे बांधला गेलो म्हणायचा मी."

बांधले गेलात, मास्तर. हे ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

मग रोज सकाळी खळ्यावर गोणपाटं पडायला लागली. मुलं-मुली यायची, कुणी बोर्लीहून, कुणी दिवेआगरहून, सायकलवर, मोटरसायकलवर तिघं तिघं. तुम्ही भिंतीला काळा रंग लावून घेतलात. माझी भिंत, न विचारता! त्यावरून मी बोलले तर म्हणालात, "पावसाने खराब झालीच होती, मी झाकली." शेडमध्ये माझा काटा, माझी पोती, माझी बोलाचाली. पलीकडे तुमची त्रैराशिकं. कधी कधी माझा आवाज इतका चढायचा की तुमची मुलं वळून बघायची, आणि तुम्ही खडू वर करून म्हणायचात, "तिकडे लक्ष द्या, नफा-तोटा प्रत्यक्ष चालू आहे."

वर्ग संपला की तुम्ही चहाला थांबायचात. आल्याचा चहा तुम्हाला हवा असायचा, पण मागायचा नाहीत. स्टुलावर बसून मला सौदा करताना बघत राहायचात. एकदा वाडीवाला निघून गेल्यावर तुम्ही म्हणालात, "तुम्ही त्याच्या चांगल्या पोत्याकडे बघितलंच नाहीत."

"बघायचंच नसतं. हलक्या ढिगापाशी बसायचं, नाक मुरडायचं, 'यात काय हाय?' म्हणायचं. मग बघा, मालक स्वतःच उठतो, चांगलं पोतं सोडतो, आणि त्याचे गुण आपणच सांगायला लागतो. त्याला बोलू द्यायचं. बोलता बोलता तो खरं काय ते सांगून जातो."

"आणि तुम्हाला तर आधीच कळलेलं असतं."

"कळलेलं असतं की. पण ते तोंडावर येऊ द्यायचं न्हाय. तोंडावर आलं की भाव गेला."

तुम्ही कपातला चहा संपवलात. मग म्हणालात, "फार उपयोगी आहे हे."

मला वाटलं, तुम्ही बाजारात कोळणीकडून मासळी घेताना ते वापराल. मी हसून म्हटलंसुद्धा, "तुमच्याच्याने व्हायचं न्हाय. तुमचं तोंड म्हणजे उघडं खळं." केवढी चूक होती ती! माझ्या आयुष्यात मी माणूस इतका चुकीचा तोलला नव्हता.

हरिहरेश्वरला गेलो तो दिवस आठवतो का? एका रविवारी तुम्ही सगळा वर्ग घेऊन निघालात. टेम्पो माझा, म्हणून मीही आले. त्या बाजूला एक वाडी बघायचीच होती. ओहोटी होती. देवदर्शन झालं आणि तुम्ही सगळ्यांना प्रदक्षिणेच्या वाटेने कड्याखाली उतरवलंत. तिथले ते खडक, मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलेले. लहानपणापासून बघत आलेले, कधी विचार केला नव्हता. तुम्ही एका खडकावर हात फिरवून म्हणालात, "समुद्राने कोरले म्हणतात. छिन्नी कुठली आणली त्याने?"

मुलं हसली. सायली पुढे झाली. घरात खाली मान घालून वावरणारी माझी सून. ती म्हणाली, "सर, नुसत्या लाटांनी नाही. खारं पाणी भेगेत शिरतं, सुकतं, मिठाचे खडे तयार होतात आणि ते दगडाला आतून सोडवतात."

"मीठ? मीठ तर बोटाने चुरतं. ते दगडाला काय सोडवणार? पटत नाही."

"पटत नाही कसं? घराच्या भिंतीला लोणा लागतो तो कधी बघितलाच नाहीत का तुम्ही?"

हे बोलताना तिचा आवाज कड्यावर आपटून परत आला. तिलाच त्याचं नवल वाटलं असावं, कारण ती क्षणभर थांबली, आणि मग थांबलीच नाही. खडक, भरती, खाडी, पुळण, एकातून एक. तुम्ही मधूनच "हे काही समजलं नाही" म्हणायचात, आणि ती पुन्हा पहिल्यापासून, आणखी सोपं करून सांगायची. मला वाटलं, मास्तर थकले. वयाने बुद्धी मंदावली. मी तुम्हाला बाजूला घेऊन म्हटलं, "गणित सोडून दगड काय बघत बसलाय?"

"मालनबाई, दगडांत भूमिती असते."

आणि मी ते खरं मानलं!

माझे डोळे उघडले ते पावसाच्या तोंडावर. एका वाडीवाल्याशी सौदा फिसकटला आणि मी वेळेआधी परतले. शेडच्या मागच्या अंगाने येत होते, एवढ्यात तुमचा आवाज ऐकला.

"तलाठ्याने मालनबाईंना फसवलं. सगळं श्रीवर्धन म्हणतं. यात शिकण्यासारखं काय आहे?"

माझं नाव आलं म्हणून मी पत्र्याआड थांबले.

"नाही सर," सायली म्हणाली. "तो एकटा काय फसवणार? घाटावर एका शेतात एकच पीक असतं, तिथे जागा मोजली की पीक मोजलं. आमच्या वाडीत एवढ्याशा जागेत पोफळी, त्यांच्यात माड, पोफळीवर मिरीचा वेल, खाली जायफळ. ही वाडी तुम्ही गुंठ्यावर मोजलीत तर सगळं आकसून जातं. त्याच्या हातात आला तो कागद गुंठ्यांचा होता. झाडाला त्यात रकानाच नव्हता."

"मग आत येऊन तरी त्याने काय केलं असतं?"

"झाडं बघितली असती. आणि वर लिहिलं असतं की हा कागद कोकणाला पुरत नाही. नियम माणसंच करतात सर, आणि कळवलं तर माणसंच बदलतात. मी असते तर लिहिलं असतं."

मी असते तर. ती हे अशा आवाजात म्हणाली, जसं काही ती त्या खुर्चीवर बसलेलीच आहे आणि समोर कागद आहे. गडग्यावर हात आपटला त्या दिवसापासून माझ्या छातीत जे अडकून होतं, ते कुणीतरी उचलून, झटकून, नीट घडी घालून समोर ठेवल्यासारखं वाटलं. पण ते वाटलं नंतर. आधी आला तो संताप. खळं माझं, सौदा गणिताचा, आणि हे काय चाललंय?

मी पत्र्याआडून बाहेर आले. "मास्तर, हे कुठलं गणित?"

पोरांच्या माना वळल्या. तुम्ही गोणपाटावरून उठलात. हो, गोणपाटावरून! फळ्यापाशी सायली उभी, खडू तिच्या हातात, आणि तुम्ही मुलांच्यात मांडी घालून बसलेले.

"आई, माझं गणित चांगलं आहे," सायली म्हणाली. या वेळी तिची नजर खाली नव्हती. "सरांना पहिल्याच आठवड्यात कळलं. मी हुकले ती सामान्य ज्ञानात. गाईड पाठ करून करून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हीच सगळ्यांना सांगत होता ना, गणितात हुकली म्हणून."

यावर मागे बसलेला कुणीतरी फिसकन हसला. मी तिकडे बघितलं, तो पुन्हा हसला नाही.

मग तुम्ही खिशात हात घातलात, सुपारी काढलीत आणि माझ्यापुढे धरलीत. "मालनबाई, शब्द मोडला माझ्याकडून. ही घ्या. उद्यापासून आम्ही देवळाच्या सभामंडपात बसू."

"दिलेली सुपारी काम झाल्याशिवाय मी परत घेत न्हाय. अशी सहज सुटका पाहिजे व्हय? मिळायची न्हाय. तिला गणितच शिकवा!"

"तिला जे येतं ते काय शिकवू?"

"मग जे तुम्हाला येत न्हाय ते शिकवता? जन्मभर आकडे केलेत. तुम्हाला तरी येतं का हे इतिहास-भूगोल?"

तुम्ही सुपारी पुन्हा खिशात ठेवलीत, गोणपाट झटकलंत, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "नाही. म्हणून तर ती शिकवते."

बस्स, एवढंच. त्या "नाही"वरून मी पुढे कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाही. वर्ग चालूच ठेवला, कारण सुपारी तुमच्याकडे होती. चहाही पाठवत राहिले, पण आलं न घालता. तुम्ही तो निमूट प्यायचात आणि कप धुऊन परत पाठवायचात. एके दिवशी सायलीच्या हातून निरोप आला: "सरांनी विचारलंय, यंदा आल्याचं पीक बुडालं का?" मी हसू दाबलं आणि निरोप पाठवला, "सांग त्यांना, सौदे मोडणाऱ्यांसाठी बुडालं."

भांडण तसंच राहिलं. पण मी खोटं कशाला लिहू, सकाळी शेडमध्ये काट्यापाशी बसले की माझे कान तुमच्या बाजूला असायचे. सायली मुलांना सांगायची, ग्रामसभा कशी बोलवायची, तिथे प्रश्न कुणाला विचारायचा, सात-बारा कुठून आला, खाडीकाठची शेतं खारी कशी झाली. आणि मधूनच तुमचं ते, "पटत नाही. पुन्हा सांग." बोर्लीची एक मुलगी, जी आधी नाव विचारलं तरी पुटपुटायची, ती एकदा उठून सायलीलाच म्हणाली, "ताई, तुमचं चुकतंय." त्यावर झालेला वाद माझ्या वाडीवाल्यांनीसुद्धा काटा थांबवून ऐकला. तुम्ही दोघींच्या मध्ये बसून, मान इकडून तिकडे फिरवत, कीर्तन ऐकावं तसे ऐकत होता.

दिवाळीच्या सुमारास माझ्या नव्या पोफळींनी पहिल्यांदा रंग धरला. वादळानंतर लावलेली झाडं. लटकलेलं शिपुट हिरवं, त्या घोसात एकेक सुपारी शेंदरी व्हायला लागलेली. तुम्हाला बोलावणं पाठवलं नव्हतं. तुम्ही आपणहून आलात, गडग्याच्या आत आलात, आणि मान वर करून उभे राहिलात.

"म्हणजे खळं परत करायची वेळ झाली," तुम्ही म्हणालात.

ते मी बोलायचं होतं. तुम्ही आधी बोललात, म्हणून मला राग आला. "सगळं कुणी मागितलं? पाव भाग तुमचा, बाकी सुपारीचा."

"अर्धं."

"अर्धं? पहिला तोडा येतोय माझा!"

"आणि परीक्षा येतेय माझी."

"तुमची?"

"त्यांची," तुम्ही म्हणालात, आणि पहिल्यांदा मला तुमचा चेहरा पडलेला दिसला. की दिसला असं वाटलं? तुम्ही छत्री उचललीत. "उद्या बोलू. अर्ध्याच्या खाली मी येणार नाही, सांगून ठेवतो."

त्या उद्याला तुम्ही आला नाहीत. सकाळी पोरं खळ्यावर जमली आणि तुमच्या घराकडून निरोप आला. तुमचा पुतण्या मुंबईहून मांडव्याला उतरून संध्याकाळपर्यंत पोचला. बाकीचं मला लिहायचं नाही. ते सगळं शोकसभेत सांगून झालं.

सायलीने पुस्तकं मिटली. पोरं दोन-चार दिवस येऊन बसली, मग यायची थांबली. काळी भिंत तशीच, तिच्यावर सायलीच्या हातचा अर्धवट नकाशा. परीक्षा तोंडावर आली होती. मी ओरडून बघितलं. माझा मुलगा म्हणाला, "आई, राहू दे तिला." मी त्यालाही ओरडले. शेवटी मी तिला नीट विचारलं, तर म्हणाली, "आई, सर विचारायचे म्हणून मला सांगता यायचं. आता विचारणारंच कुणी नाही."

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पहिला तोडा खळ्यावर आला. सालासकट ओली सुपारी पसरून टाकली, शेंदरी रंगाने खळं पेटल्यासारखं दिसत होतं. सायली पायाने सुपारी सारखी करत होती. वाळायला टाकलेल्या मालात माझा जीव असतो, हे तुम्हाला माहीत आहे. तरी मी माल बाजूला लोटला. काळ्या भिंतीसमोर जागा केली, तुमचं गोणपाट आणलं आणि त्यावर मांडी घालून बसले. तिचं भूगोलाचं पुस्तक मांडीवर घेतलं, दोन पानं उलटली आणि नाक मुरडलं.

"यात शिकण्यासारखं काय हाय?" मी म्हटलं. "खाडी म्हणजे काय, तर पाणी. पाणी तर पाणी. म्हातारा वर्षभर डुलक्या काढायला येत असंल इथं."

ती पाय थांबवून बघत राहिली. मी दुसरं पान उलटलं. "आणि ही ग्रामसभा. नुसती बडबड. पटत न्हाय मला."

"आई, खाडी म्हणजे नुसतं पाणी नाही," ती म्हणाली.

"मग काय हाय?"

"थांबा, सांगते." आणि तिने पदराला हात पुसून खडू उचलला.

तेव्हा मला कळलं, मास्तर. माझ्या तोंडातून निघालेले ते शब्द मी कुठे ऐकले होते ते आठवलं. पत्र्याआडून, तुमच्या तोंडून. आणि त्याही आधी ते माझेच होते. हलक्या ढिगापाशी बसायचं, नाक मुरडायचं, समोरच्याला आपला चांगला माल स्वतःहून उघडायला लावायचं. स्टुलावर बसून, बिनसाखरेच्या चहासारखा साधा चेहरा करून तुम्ही माझी विद्या चोरलीत, आणि माझ्याच खळ्यावर, माझ्याच सुनेवर चालवलीत. शब्द मोडलात ते एक, आणि ही चोरी वर. वर "फार उपयोगी आहे" असं सांगून केलेली चोरी!

सायली सांगत होती. भरतीचं पाणी आत कुठवर जातं, त्यावर कुठली गावं बसली, कुणाची शेतं, कुणाची मिठागरं, कुणाच्या होड्या. मी मधूनच "समजलं न्हाय" म्हणत होते. काही वेळा खरंच समजलं नव्हतं. काही वेळा समजलं होतं. मला स्वतःलाच नंतर नंतर सांगता येईना, कुठलं खरं आणि कुठलं नाटक.

दुसऱ्या दिवशी बोर्लीची मुलगी आली. तिच्यामागे मोटरसायकलवाले आले. आता खळ्याच्या मधोमध दोरी टाकली आहे. एका बाजूला सुपारी, दुसऱ्या बाजूला गोणपाटं. अर्धं-अर्धं. म्हणजे तोही सौदा तुम्हीच जिंकलात, आणि तोही समोर न येता. सायली पुन्हा सगळा अभ्यास घेऊन बसली आहे. यंदा ती काढील असं मला वाटतं. वाटतं म्हणजे काय, तिचा आवाज ऐकून मी माल तोलते तशी तोलली आहे. बोर्लीचीही काढील. हा भाव मी कुणापुढे बोलत नाही, तोंडावरही येऊ देत नाही. तुम्हाला म्हणून सांगितलं.

आता माझी तक्रार ऐका. तुमच्या पुतण्याला मी विचारलं, शर्टाच्या खिशात काही होतं का? तो म्हणाला, "एक सुपारी होती काकू. काकांनी जपून ठेवलेली दिसली, म्हणून जाताना त्यांच्याबरोबरच दिली." म्हणजे ती तुम्ही बरोबर घेऊन गेलात. मला परत केलेली नाही. सौदा मोडलेला नाही. शब्द "पास होईपर्यंत" असा होता, आणि पास अजून कुणी झालेलं नाही. निकाल लागेपर्यंत तुम्ही माझ्याकडे बांधलेले आहात.

एवढ्या वर्षांत मी भल्याभल्यांचे चेहरे वाचले. दर्यावर्दी, दलाल, वाडीवाले, कुणी माझ्यापुढे टिकलं नाही. तुम्ही गोणपाट झटकून "नाही" म्हणालात, तो चेहरा मात्र मी रोज आठवून बघते आणि मला तो वाचता येत नाही. तुम्हाला सगळं येत होतं आणि तोंडावर येऊ दिलं नाहीत, तर तुमच्यासारखा सौदागर या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. आणि खरोखरच येत नव्हतं, तर पांढऱ्या केसांनी तुम्ही माझ्या सुनेपुढे मांडी घालून शिकायला बसलात, आणि "परीक्षा येतेय माझी" हे तुमच्या तोंडून खरंच निघून गेलं होतं.

दोहोंपैकी काय ते मला कळायला हवं. आल्याचा चहा करून ठेवते. खळं माझं होतं, भिंत माझी, सून माझी, युक्तीसुद्धा माझी. याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

बोला मास्तर, येत होतं की नव्हतं?